लाभली नाही, विकून टाका

नवी गाडी विकायला आलेला माणूस खरं कारण कधीच सांगत नाही. भंडाऱ्यात जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत माझे केस पांढरे झाले, पण याला एकच अपवाद सापडला. दहा वर्षं वापरलेली गाडी विकणारा भडाभडा बोलतो. क्लच गेला, तेल खाते, पोरगा म्हणतो मोठी घ्या. पण जिच्या सीटांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, बोनेटवरचं हळदकुंकू अजून धुतलं गेलेलं नाही, अशी गाडी घेऊन येणारा एकच वाक्य बोलतो. "लाभली नाही भाऊ, विकून टाका." एवढं बोलून तो चहाच्या कपात बघत बसतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यांचा धंदा म्हणजे इंजिनाला कान लावायचा, चाकाला लाथ मारायची आणि भाव पाडायचा. तेही असतंच. पण अर्धा धंदा हे "लाभली नाही" उलगडण्याचा आहे. गाडी नवी, फिरलेली कमी आणि मालक पडत्या भावात द्यायला तयार, यापेक्षा जास्त भीती वाटावी अशी गोष्ट आमच्या धंद्यात दुसरी नाही. जुन्या गाडीची दुखणी ठरलेली असतात. नवीचं दुखणं गाडीत नसतं. ते मालकाच्या मनात असतं, नाहीतर मागे रस्त्यावर कुठेतरी घडलेलं असतं. ते आपल्या अंगणात येऊन उभं राहायला नको, म्हणून मी गाडीच्या आधी माणूस तपासायला शिकलो.

आमचं घराणं कोष्ट्यांचं. वडिलांचं आयुष्य हातमागावर गेलं. मी गाड्यांच्या नादी लागलो तेव्हा ते म्हणाले होते, "धागा तुटला तं गाठ मारता येते. तुह्या धंद्यात काय मारशील?" मी म्हटलं होतं, "थापा." ते हसले नव्हते.

जिल्ह्याचे दोन भाग झाले तेव्हा गोंदियाला गाड्यांचा पस्तीस नंबर मिळाला आणि आमच्या वाट्याला छत्तीस आला. गाडीचा आणि मालकाचा छत्तीसचा आकडा पाटीवरच लिहून आणलाय, असा विनोद मी बरीच वर्षं केला आणि तो बरीच वर्षं चालला. पुढं सहावा वेतन आयोग लागला. शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतले बाबू, ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी स्टिअरिंगला हात लावला नव्हता अशा घरांपुढं पांढऱ्या छोट्या गाड्या उभ्या राहिल्या. आनंदाचीच गोष्ट होती. पण वर्ष फिरायच्या आत त्यातल्या काही माझ्या दारात येऊ लागल्या.

याचं एक कारण मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आलोय. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. शिकणारा स्टिअरिंग धरून मजेत जातो. समोर म्हैस आली की गाडी आपोआप थांबते. त्याला वाटतं, मीच थांबवली. शिकवणारा म्हणतो, "साहेब, तुम्ही तर एकदम फिट!" मग हा स्वतःची गाडी घेतो, एकटा बसतो, म्हैस येते, आणि शेजारच्या सीटवर कुणीच नसतं.

अड्याळच्या एका कापडवाल्या शेटजींचं असंच झालं. बाजाराच्या दिवशी त्यांनी नवी गाडी गल्लीतून काढली आणि एका म्हातारीच्या वांग्यांच्या टोपलीला धक्का दिला. म्हातारीला खरचटलंसुद्धा नाही. शेटजींनी सगळी वांगी विकत घेतली, आठवडाभर घरात भरीत झालं आणि गोष्ट मिटली. तरी पुढच्या महिन्यात मला फोन आला, लाभली नाही. मी जाऊन गाडी पाहिली, कुठे ओरखडा नाही. मला शंका आली. शेटजी आत गेले तसं त्यांच्या बायकोला विचारलं, "वहिनी, झालं काय खरं?" त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "झोपीत पाय मारतेत जी. ब्रेक दाबल्यावानी. खाटीची दोरी ढिली झाली, पण भेव लागते म्हनत नाहीत." ती गाडी मी निर्धास्त घेतली आणि चांगल्या भावात विकली.

सगळ्याच गाड्यांची गोष्ट अशी हसण्यावारी नेता येत नाही. सिहोऱ्याकडून एकजण भर दुपारी गाडी घेऊन आला होता. गाडी आरशासारखी चकचकीत. आत फिनाइलचा वास आणि त्यावर अगरबत्तीचा. पुढचा एक दिवा दुसऱ्यापेक्षा जास्त नवा. तोही म्हणाला, लाभली नाही. आम्ही बोलत होतो तेवढ्या वेळात त्या माणसानं एकदाही वळून गाडीकडे पाहिलं नाही. मी दार उघडून सीटवर बसलो आणि अंगावर सरसरून काटा आला. का आला ते मला सांगता येणार नाही. मी उतरलो, हात जोडले आणि म्हणालो, सध्या गिऱ्हाईक नाही. नंतर त्या बाजूला चौकशी केली, पण कुणाला काही ठाऊक नव्हतं. तो फिनाइलचा वास मात्र माझ्या डोक्यात बसला. तेव्हापासून दुसऱ्याच्या गाडीचं दार उघडलं की मी आधी श्वास रोखून धरतो.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की एकोडीच्या रामटेके सरांच्या गाडीचं दार मी उघडलं तेव्हा तोच वास आला.

रामटेके सर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यांचं घर एकोडीपासून आत, तळ्यापलीकडच्या टोलीत. टोली म्हणजे मूठभर घरांची वस्ती. फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की गाडी सहा महिन्यांचीसुद्धा नाही आणि आजच न्यावी. रोवणीचे, म्हणजे धान लावायचे दिवस होते. मी एसटीनं साकोलीला उतरलो, तिथून एका ओळखीच्याच्या मोटरसायकलवर टोलीपर्यंत गेलो आणि त्याला परत पाठवलं. येताना गाडी आणायची होती.

आमचा जिल्हा तळ्यांचा. टोलीतून मोठ्या रस्त्याला लागायचं तर तळ्याच्या पाळीवरूनच यावं लागतं. पाळ म्हणजे पाणी अडवणारा मातीचा उंच बांध. वर एक गाडी जाईल एवढाच रस्ता. एका अंगाला काठोकाठ भरलेलं तळं, दुसऱ्या अंगाला पुरुषभर खाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. मोटरसायकलवर मागे बसून जाताना मी गाणं गुणगुणत होतो, हे मला चांगलं आठवतं.

सरांच्या घरापुढं टिनाच्या छपराखाली गाडी उभी होती. डॅशबोर्डवर बुद्धाची लहानशी मूर्ती. पुढच्या सीटांवर कंपनीचं प्लास्टिक. मागच्या सीटवर मात्र वेगळ्याच रंगाचं, नुकतंच शिवलेलं कव्हर. आणि फिनाइल. मी दार लावून घेतलं.

"मागचं कव्हर बदललंत, सर?"

"हो."

"का?"

"खराब झालं होतं." सर उंच, सडपातळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले. वर्गात पोरं यांना टरकून असणार, असा चेहरा. पण किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हातात किणकिण वाजत होता. "हे बघा भाऊ, लाभणं-बिभणं आम्ही मानत नाही. बाबासाहेबांनी त्यातून बाहेर काढलं आम्हाला. पण दुसरा शब्द सापडत नाही. लाभली नाही, घेऊन जा."

त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता हळूच म्हणाल्या, "न्या जी. जेवन जात नाही त्यायले."

या गाडीच्या मागच्या सीटवर कुणीतरी गेलंय, हे मी मनाशी धरूनच टाकलं. चहा गरम असतानाच घशाखाली लोटला आणि उठायचं निमित्त शोधू लागलो. तेवढ्यात शेजारच्या देवकाबाई आल्या. साठीच्या, कमरेवर तीन-चार महिन्यांचं गुटगुटीत बाळ. आल्या त्या सरळ गाडीशी गेल्या आणि बाळाचा हात धरून बोनेटवर थोपटू लागल्या.

"तुमी गाडी न्याले आले का जी?" त्या मला म्हणाल्या. "काहून नेता? मोठी लाभाची गाडी हाय. हा नातू माह्या याच गाडीत झाला. पाळीवर!"

सर एकदम उठून आत गेले.

बाईंनी सगळं सांगितलं. त्यांची सून प्रमिला, सरांचीच जुनी विद्यार्थिनी, दिवसांत होती, नवरा कामाला नागपूरला. कळा सुरू झाल्या तेव्हा सरांनी गाडी काढली. पाळीवर मध्येच म्हशींचा कळप समोरून आला, गाडी बंद पडली ती सुरूच होईना, आणि बाळंतपण तिथंच झालं. "सर बापा स्टेरिंग धरून बसले ते बसलेच. म्हशी गेल्या, पोट्टा झाला, रडला, तरी सरायचे हात सुटेत ना. आमीच सोडवले." बाई खळखळून हसल्या. टोलीला ती गंमत होती. पेढे वाटले गेले होते.

मीही सुटकेचा श्वास टाकला. कुणी मेलं नव्हतं, जन्मलं होतं. बाई गेल्यावर सर बाहेर आले.

"ऐकलंत?" ते म्हणाले.

"ऐकलं. यात वाईट काय झालं, सर?"

सर पुस्तकी मराठी सोडून घरच्या बोलीत आले. "भाऊ, टोलीत एकच गाडी. कोणी झाडावरून पडलं, कोणाले फेफरं आलं, कोणाचं पोट दुखलं, माह्यं दार. मी नाही कसा म्हणू? सगळे माह्या हाताखालून गेलेले. अन् मले गाडी येत नाही. साकोलीले शिकलो, पास झालो, पन येत नाही. सरळ जातो. मागं घेता येत नाही. पाळीवर समोरून कोणी आलं तं काय करू? एक चाक घसरलं का खेळ खतम. मी एकटा बुडालो तं बुडालो. मागं बसलेल्यायचं काय?" त्यांनी दाराकडे बोट केलं. "कडी वाजली का माह्ये पाय पानी होतेत. दूधवाला आला तरी. गाडी नसन तं लोक येनार नाहीत. एवढंच पायजे मले."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला खरं कारण सांगितलं होतं. मी धंदेवाईक माणूस. मी म्हणालो, "द्या किल्ली." त्यांनी दिली. देताना त्यांचे खांदे खाली आले, डोक्यावरचा भारा उतरवल्यासारखे.

किल्ली माझ्या खिशात पडली आणि बांधीकडून आरडाओरडा ऐकू आला.

चिखलानं भरलेल्या चार-पाच बाया एका पोरीला धरून आणत होत्या. पोरगी स्वतःच्या पायांवर चालत होती, पण पाय कुठेही पडत होते. ती प्रमिला होती. बाळ अंगावरचं, तरी त्या दिवशी मजूर कमी म्हणून रोवायला गेली होती. तिच्या डाव्या हाताला पदराची चिंधी बांधलेली.

"सर! पान लागलं! प्रमिलेले पान लागलं!"

आमच्याकडे साप चावला असं कुणी म्हणत नाही. नाव घेतलं तर तो परत येतो म्हणतात. पान लागलं म्हणतात.

एक म्हातारा म्हणाला, आधी पलीकडच्या गावच्या महाराजाकडे न्या, ते उतरवतात. सर त्याच्यावर असे ओरडले की बाया दचकून मागे सरल्या. "दवाखाना! कोणाचं ऐकू नका. बसवा गाडीत!" त्या आवाजात भीती अजिबात नव्हती. मग ते माझ्याकडे वळले आणि तोच माणूस हात जोडून उभा राहिला. "भाऊ, तुमी चालवा. तुमाले येते."

मला येतं, यात काय शंका? हजारो गाड्या चालवल्या असतील मी. बसलो. मागे प्रमिला मध्ये, एका अंगाला देवकाबाई बाळ घेऊन, दुसऱ्या अंगाला दोन बाया कोंबलेल्या. सर पुढं माझ्या डाव्या हाताला, अंग पूर्ण मागे वळवून प्रमिलेकडे तोंड करून. आजच्यासारखी एक फोन केला की सरकारी गाडी दारात, अशी सोय तेव्हा नव्हती.

गाडी हलली आणि माझ्या लक्षात आलं, की मी आयुष्यभर रिकाम्या गाड्या चालवल्यात. इथून घ्यायची, तिथं उभी करायची. आत फक्त विकायचा माल. मागून कुणाचा श्वास ऐकू येतोय, अशी गाडी मी कधी चालवलीच नव्हती. माझा डावा पाय क्लचवर थरथरायला लागला. मी मांडी दाबून पाहिली, पण तो थांबेना.

"प्रमिले, डोळे उघड," सर म्हणत होते. "झोपायचं नाही. तेराचा पाढा म्हण."

"सर... नाही येत."

"येते. चौथीत तूच सगळ्यात आधी म्हनला होता. म्हण!"

"तेरा एके तेरा. तेरा दुने सव्वीस." आवाज बारीक होता, पण स्पष्ट होता. पाढा संपला की सर चौदाचा म्हणायला लावत, मग पुन्हा तेराचा. तळं दिसायला लागेपर्यंत तिचे शब्द जड झाले होते. जीभ तोंडात मावत नसल्यासारखे. पापण्या मिटत होत्या आणि बाळ दुधासाठी किंचाळायला लागलं होतं. ते ऐकून ती पोरगी हात पुढं करत होती आणि देवकाबाई रडत रडत तो हात बाजूला सारत होत्या. "नको वो माय, आता नको." थोड्या वेळापूर्वी याच बाई बोनेटवर बाळाचा हात थोपटत होत्या.

पाळीवर अर्ध्याच्या पुढं गेलो असू आणि समोर ट्रॅक्टर आला. मागे ट्रॉली, खताच्या पोत्यांनी भरलेली.

नुसता ट्रॅक्टर असता तर मागे गेला असता. भरलेली ट्रॉली मागे घेताना आधी आडवी होते, आणि तेवढ्या रस्त्यावर आडवं व्हायला जागा नसते. ट्रॅक्टरवाला हातानंच नाही म्हणाला. म्हणजे मागे मला जायचं होतं. पाळीच्या मध्यावर तुडूम होतं, तळ्याचं पाणी सोडायचा दरवाजा. तिथं बांध जरा रुंद आहे. तिथपर्यंत गाडी उलटी न्यायची होती.

मी रिव्हर्स टाकला आणि मागे पाहिलं. काच दिसतच नव्हती. डोकी, पदर, बाळ. पाणी डाव्या बाजूला, म्हणजे मला न दिसणाऱ्या बाजूला. पावसानं कडेचं गवत निसरडं झालेलं. मी क्लच सोडला, गाडी वीतभर मागे गेली आणि मी ब्रेक मारला. माझ्यानं होईना. खरं सांगतो, माझ्यानं होईना. डोळ्यांपुढं फक्त ते हिरवं पाणी होतं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. काही न बोलता दार उघडलं आणि उतरले. गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्याशी जाऊन, पाण्याच्या अगदी कडेला उभे राहिले. जिथं चाक घसरलं असतं, तिथं. डिकीवर हाताची थाप मारली.

"थाप हाय तवर या! थाप थांबली का थांबा!"

मी तसाच निघालो. थप. थप. डाव्या आरशात त्यांच्या पांढऱ्या शर्टाचा एक तुकडा दिसे, त्याच्यापलीकडे नुसतं पाणी. शर्ट आणि चाक यांच्यात हातभर अंतर. गाडी त्यांच्याकडे गेली असती तर आधी ते गेले असते. माझं सगळं लक्ष त्या शर्टावर, आणि तेव्हा कळलं की मागचा पाढा थांबलाय.

"प्रमिला, पुढं!" मी ओरडलो. "तेरा पंचे?"

काही नाही. बाळसुद्धा गप्प झालं होतं.

"तेरा पंचे किती, बाई?"

"पा... सट," मागून आलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

एकदा थाप थांबली. आरशातून शर्ट नाहीसा झाला. मी ब्रेकवर उभाच राहिलो. मागे कुणीतरी "सर!" म्हणून किंचाळलं. माझी मान वळेना. तो क्षण आजही मला जेवताना, बोलताना, कधीही आठवतो. मग आरशात हात दिसला, मग चिखलानं बरबटलेला शर्ट. सर गवतावरून घसरून गुडघ्यापर्यंत पाण्यात गेले होते आणि गाडीच्या बंपरला धरून वर आले होते. थप. थप. जणू काही झालंच नाही.

तुडुमाशी गाडी लागली, ट्रॅक्टर गेला, सर येऊन बसले. त्यांच्या पँटमधून पाणी गळत होतं. "तेराचा पाढा," ते मागे वळून म्हणाले. "पहिल्यापासून."

साकोलीला सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा प्रमिलेला उचलून न्यावं लागलं. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली आणि आम्हाला बाहेर बसवलं. देवकाबाई बाळाला मांडीवर घेऊन भिंतीला टेकल्या होत्या. बाजूच्या बाईनं वाटीत दूध आणून दिलं, ते त्या बोटानं बाळाच्या ओठांना लावत होत्या. सर आणि मी पायरीवर बसलो.

"भाऊ," बऱ्याच वेळानं सर म्हणाले, "पाळीवर तुमचा पाय थरथरून राहिला होता."

"दिसलं तुम्हाला?"

"गाडीच थरथरत होती."

सरांनी पँटचा ओला पाय पिळला.

"मले वाटे, ज्याले गाडी येते त्याले भेव लागत नसन. मलेच लागते. म्हनून मी तिचा धनी नाही."

"मला आजवर लागलं नव्हतं, सर," मी म्हणालो. "आज लागलं. आणि तुम्ही पाण्यात गेलात तेव्हा तर मी मेलोच होतो."

ते आपल्या ओल्या चपलांकडे बघत राहिले. दवाखान्यात माणसं येत-जात होती. ऊन कललं तेव्हा डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, वेळेवर आणलंत, श्वास नीट चाललाय, वाचेल. देवकाबाईंनी तोंडात पदर कोंबला आणि तेव्हा कुठे त्या मोठ्यानं रडल्या. सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांची पाठ हलताना मला दिसत होती.

मग ते माझ्यापुढं आले आणि त्यांनी हात पसरला.

"चाबी द्या जी. बाईले अन् पोट्ट्याले घरी न्या लागते."

"मी सोडून येतो ना, सर."

"तुमी रोज येनार हाय का?"

मी किल्ली दिली. सोबत आलेल्या दोघी बाया प्रमिलेपाशी थांबल्या. दवाखान्याच्या फाटकातच त्यांची गाडी बंद पडली. सुरू केली, पुन्हा बंद पडली. मागे देवकाबाई बाळाला छातीशी आवळून बसलेल्या, आणि सकाळी लाभाची गाडी म्हणणारी ती बाई आता डोळे गच्च मिटून होती. तिसऱ्यांदा गाडी धक्के खात गेली. मी स्टँडवर आलो, भंडाऱ्याची एसटी लागली होती, पण मी चढलो नाही. ती पाळ माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी बाकावर मोबाईल हातात घेऊन बसलो. दुसरी एसटी आली, तीही गेली. मग फोन वाजला.

"पोचलो, भाऊ," सर म्हणाले, आणि मी पुढच्या एसटीत चढलो.

प्रमिला दोन-तीन दिवसांनी घरी आली. मी त्या सौद्यात एसटीच्या तिकिटाशिवाय काही कमावलं नाही. पण तेव्हापासून "लाभली नाही" म्हणत कुणी आलं की मी चहा मागवतो आणि सरळ विचारतो, "भीती वाटते का?" निम्मे लोक रागावून उठतात. निम्मे गाडी परत घेऊन जातात. दोन्हीकडून धंदा बुडतो. माझी मुलं यावरून मला वेड्यात काढतात.

सर आता निवृत्त आहेत. गाडी म्हातारी झाली, तिला आज भंगारवालासुद्धा नाक मुरडेल. तरी दर दिवाळीच्या आधी त्यांचा फोन येतो. "भाऊ, यंदा विकून टाकू म्हनतो. आता नाही होत." मी म्हणतो, "पाहतो गिऱ्हाईक." ते गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही, आणि त्यांनीही कधी विचारलेलं नाही. आता बोलावली की सरकारी गाडी येते, पण ती पाळीवरून आत यायला वेळ लागतो. टोली अजून सरांचंच दार वाजवते. आणि त्यांचे पाय अजून पाणी होतात, हे ते स्वतःच सांगतात.

हा लेख लिहायला बसलो त्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. यंदा विकून टाकू, असं म्हणत होते तेवढ्यात त्यांच्याकडून कडीचा आवाज ऐकू आला. मग कुणाची तरी हाक, "सर!" सर म्हणाले, "थांबा जी," आणि फोन बंद झाला.

मी लेखणी खाली ठेवली. पाऊस नुकताच येऊन गेलेला, तळं भरलेलं असणार, गवत निसरडं असणार, आणि सरांना आता दिसतंही कमी. बायको जेवायला हाक मारून थकली. मी त्या फोनकडे बघत बसलो. दोनदा वाजला, दोन्हीदा दुसरंच कुणी होतं, मी त्यांना तोडून बोललो. सूर्य खिडकीतून पलीकडे गेला.

मग वाजला.

"पोचलो, भाऊ." आवाज कापत होता.

"पाळीवर समोरून कुणी आलं?"

"आलं. ट्रॅक्टर होता."

"मग?"

"मीच मागं घेतली जी."

मी विचारलं, "पाण्याच्या अंगानं कोण चाललं?"

"प्रमिला," सर म्हणाले.